हात मागे

८ जानेवारी

दरवर्षी मी विद्यार्थ्यांना रोजची दैनंदिनी लिहायला लावते. पेशंटबरोबर आज काय केलं, कुठे चुकलं, मनात काय आलं, सगळं खरं खरं. दरवर्षी कुणीतरी धीट विचारतं, "मॅडम, तुम्ही लिहिता का?" आणि मी ऐकू न आल्यासारखं करून फळा पुसायला लागते. आज पुन्हा विचारणा झाली. म्हटलं, या वेळी लिहीन. ही माझी शेवटची तुकडी आहे, फळा तरी किती वेळा पुसायचा.

एप्रिलअखेर नोकरी सोडायची, हे मी ठरवलं आहे. निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत, पण घरी माझी गरज जास्त आहे. मागच्या जूनमध्ये यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं. पाय बराच सुधारला, काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. हात मात्र मांडीवर ठेवलेला असतो. आयुष्यभर या हातानं नकाशे काढले, केसासारख्या बारीक रेघा. आता बोलताना शब्द सापडायला वेळ लागतो, तो बहुतेक वेळा मीच देते. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात न्हाणीघरात एकटे गेले आणि पडले. मी स्वयंपाकघरात होते. तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून एक पाऊलही मी त्यांना एकट्यानं टाकू दिलेलं नाही. मी कामाला गेले की शेजारच्या मावशी येऊन बसतात. खुर्चीतून उठू द्यायचं नाही, असं त्यांना बजावून ठेवलं आहे.

आज पहिला तास सरावघरात. आमच्या विभागात एक खोली आहे, तिच्यात पलंग आहे, शेगडी आहे, नळ आहे आणि भिंतीला लावलेल्या तीन पायऱ्या आहेत ज्या कुठेच जात नाहीत. घरी जाण्याआधी पेशंट इथे घर शिकतो. आमच्या विषयाचं नाव व्यवसायोपचार, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणं. पहिल्या दिवशी माझा ठरलेला विनोद असतो, की हा धंद्यात खोट आली तर द्यायचा उपचार नव्हे. कुणी हसलं नाही. शेवटच्या वर्षी विनोदही थकले असावेत.

मग माझा नियम सांगितला. पेशंट शर्ट घालत असेल, घास घेत असेल, नळ सोडत असेल, तेव्हा तुमचे हात तुमच्या पाठीमागे. बोटांत बोटं अडकवून. तो पडणार असेल तरच हात सुटतील, बटण चुकलं म्हणून नाही. वाक्य तो पूर्ण करेल, तुम्ही नाही. सगळ्यांनी हात मागे घेतले. समोर रंगारीकाका शर्टाशी झटत होते. इमारतींना रंग देता देता परांचीवरून पडलेले, डोक्याला मार, एक हात लुळा. दुसऱ्याच बटणाला एक उंच मुलगी पुढे झाली आणि सगळी बटणं लावून मोकळी. काकांना कळलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "घाईबाई, ते काकांचं बटण होतं." वर्ग हसला. तिला नाव पडलं ते पडलंच.

९ जानेवारी

सकाळचे दोन तास यांचे. दात घासणं, आंघोळ, शर्ट, केस, नाश्ता. वरचं बटण मी लावत नाही, त्यांना गळ्याशी आवळतं. शर्ट घालताना ते हनुवटी वर करतात, लहान मूल करतं तशी. मला तेव्हा भरून येतं. विभागात मी कितीही कडक असले तरी घरी मी बायको आहे, आणि ते बरं आहे असं मला वाटतं. घरी तरी कुणाला काही शिकवायचं नाही.

आज त्यांना सांगितलं, की एप्रिलनंतर पूर्ण वेळ तुमच्याजवळ. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू... नको..."

मी म्हटलं, "काळजी नको करू, हेच ना? नाही करत. सगळा हिशोब लावून झालाय."

त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांनाही हायसं वाटलं असणार.

१७ जानेवारी

घाईबाईचं काही खरं नाही. आज रंगारीकाका पेल्यात पाणी ओतत होते. पेल्याच्या काठाशी तांब्या थरथरला आणि हिनं खालून हात लावला. मी तिला बाहेर बोलावलं.

"सांगितलं होतं ना?"

"मॅडम, सांडलं असतं."

"सांडू दे की. फरशी पुसता येते."

"मला नाही बघवत." तिचे डोळे भरले. "घरी आम्ही पाच भावंडं. मी थोरली. सगळ्यांच्या वेण्या, बुटांच्या नाड्या मीच बांधल्यात. हात आपोआप जातात."

मी म्हटलं, "मग हे क्षेत्र तुझं नाही. परिचारिका हो. तिथे आपोआप जाणारे हात लागतात."

फार लागेल असं बोलले का? बोलले. पण मार्चच्या प्रात्यक्षिकात हेच केलं तर मी तिला नापास करणार आहे आणि ते तिला आत्ताच कळलेलं बरं. पेशंटच्या तोंडचा घास काढून घेणारा कुणालाच आवडत नाही. त्याच्या हातचं काम काढून घेणं त्याहून वाईट.

घरी आले तर यांनी सांजेला जेवताना चमचा स्वतः धरायला घेतला. वरण शर्टावर सांडलं. मी हळूच चमचा काढून घेतला आणि भरवलं. उगीच त्रास कशाला.

२९ जानेवारी

सामानाच्या कपाटाची चावी घरी विसरले. घर पायी जवळ आहे म्हणून घाईबाईला पिटाळलं. नाव घाईबाई आणि परत आली तास संपता संपता. मी सगळ्यांसमोर विचारलं, "चावी आणायला गेली होतीस की बनवायला?" तिनं चावी ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. एरवी डोळ्यांत टचकन पाणी आणणारी मुलगी आज रडली नाही. चेहरा काहीतरी वेगळाच.

संध्याकाळी मावशी म्हणाल्या, "गोड आहे हो तुमची विद्यार्थिनी."

मी म्हटलं, "गोड आहे, पण कामाची नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. थकले असतील.

५ फेब्रुवारी

बटणांची फळी हरवली. लाकडी फळीवर कापड ताणून त्यावर मोठ्यापासून लहानापर्यंत बटणं आणि काजं केलेली असतात, हातांच्या सरावासाठी. ती फळी माझ्याहून जुनी आहे विभागात. मी सगळ्यांना फैलावर घेतलं. शिपायालाही बोलले, बिचाऱ्याला. कुणी तोंड उघडलं नाही. विभागप्रमुख म्हणाले, "जाऊ द्या हो, नवी मागवू." त्यांना काय, दुसऱ्यांनी वेळेवर यावं म्हणून रोज व्याख्यान देतात आणि स्वतः अकराला उगवतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आणखी एक. घाईबाई हल्ली जेवणाच्या सुट्टीत गायब असते. डबा हातात घेऊन धावत जाते, धावत येते. कुणीतरी मुलगा असणार. या वयात होतंच. पण अभ्यासाचं वाटोळं होऊ नये.

१२ फेब्रुवारी

आज घरी आले तर यांच्या शर्टाची बटणं एक घर सोडून लावलेली. खाली एक काज रिकामं, वर एक बटण एकटं. मी सकाळी नीट लावून गेले होते. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "चहा सांडला म्हणून शर्ट बदलला हो." पण शर्ट तोच होता. मी म्हटलं, "मावशी, तुमचं वय झालंय, समजू शकते, पण निदान बघून तरी लावा." त्यांना राग आलेला दिसला नाही. उलट पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. रडल्या की काय? वाईट वाटलं मला. उद्या माफी मागावी.

बटणं मी नीट लावून दिली. हे खिडकीबाहेर बघत होते.

२० फेब्रुवारी

आज व्याख्यान, 'कुटुंबीय आणि पेशंट'. हा माझा हातखंडा. घरची माणसं मायेपोटी पेशंटला पांगळं करतात, हे मी उदाहरणांसह सांगते. आई चाळिशीच्या मुलाला भरवते. बायको नवऱ्याचं वाक्य तोडून स्वतःच पुरं करते. मग सहा महिन्यांनी आपल्याकडे येऊन म्हणतात, काही प्रगती नाही. मुलं भराभर लिहून घेत होती.

शेवटी घाईबाईनं हात वर केला. "मॅडम, घरच्यांना हे सांगायचं कसं?"

"सरळ. प्रेमानं, पण सरळ."

"आणि घरचं माणूस आपल्यातलंच असेल तर? म्हणजे ज्याला हे सगळं आधीच माहीत आहे असं?"

मी म्हटलं, "मग तर सोपंच. त्याला सांगावं लागणारच नाही."

ती खाली बसली. तिच्या घरी कुणी डॉक्टर-बिक्टर असावं.

फळी सापडली. कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, जिथे मी स्वतः दोनदा पाहिलं होतं. डोळे तपासून घ्यायला हवेत.

४ मार्च

प्रात्यक्षिक झालं. घाईबाईला रंगारीकाकाच दिले, मुद्दाम. काम होतं शर्ट घालणं आणि सरावघरातल्या शेगडीवर दूध तापवणं.

तिनं हात मागे घेतले आणि ते शेवटपर्यंत मागेच राहिले. काकांचं तिसरं बटण सुटलं, पुन्हा सुटलं. काका वैतागले, म्हणाले, "लाव ना पोरी तू." ती म्हणाली, "काका, मला घाई नाही." आणि उभी राहिली. नुसती उभी नाही. काकांचं कोपर टेबलावर टेकलं तर बोटांना बळ येतं, हे तिनं पाहिलं होतं. तिनं फक्त खुर्ची टेबलाजवळ ओढली होती, काका बसायच्या आधी. काकांना वाटलं त्यांनाच सुचलं. शेवटचं बटण लागलं तेव्हा काकांनी तिच्याकडे बघितलं नाही, शर्टाकडे बघितलं. असंच व्हायला हवं. नीट काम झालं की पेशंटला आपण आठवतच नाही.

हे दोन महिन्यांत येत नाही. मला यायला कितीतरी वर्षं लागली. बाहेर आल्यावर विचारलं, "कुठे शिकलीस?"

"तुम्हीच शिकवलंत ना, मॅडम."

मी शिकवलं खरं, पण मी तर सगळ्यांनाच शिकवते. पास केलं. चांगल्या गुणांनी केलं. मनात मात्र कुसळ राहिलं, की हिला कुणीतरी दुसरं शिकवतंय.

१२ मार्च

यांची काळजी वाटते. हल्ली मी घरी येते तेव्हा फार दमलेले असतात. दिवसभर खुर्चीत बसून माणूस दमतो कसा? संध्याकाळी खुर्चीतच पेंगतात. उजव्या हाताची बोटं चोळताना दिसतात. विचारलं, "दुखतं?" तर मान हलवतात, धड हो नाही, धड नाही नाही. शर्टाचं वरचं बटण लावलेलं असतं. मावशींना किती वेळा सांगितलं, ते लावू नका, आवळतं त्यांना. ऐकतील तर शपथ.

मला भीती वाटते की दुसरा झटका यायच्या आधीची ही लक्षणं आहेत. एप्रिलची वाट बघण्यात अर्थ नाही. विभागप्रमुखांशी बोलले. म्हणाले, अर्ज आणा, मार्चअखेर मोकळं करतो. अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला आहे, फक्त सही करायची. हे यांना सांगितलं तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. घट्ट. "तू... तू..."

"हो, मीच. आता मीच सगळं बघणार."

त्यांनी मनगट सोडलं.

इतकी वर्षं ज्या खोलीत उभी राहिले ती सोडताना मला दुःख होतंय, हे इथे लिहायला हरकत नाही. खूप होतंय. आज सरावघराच्या त्या तीन पायऱ्यांवर एकटी बसले होते. पण माणसानं एक काय ते निवडावं. मी त्यांना निवडलं आहे.

१९ मार्च

आज काही लिहीत नाही.

२० मार्च

काल विभागात वीज गेली आणि दुपारचे तास रद्द झाले. मी घरी निघाले. जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. म्हटलं, यांच्याबरोबर जेवू.

दार लोटलेलं होतं. आतून मावशींचा आवाज आला नाही, म्हणून मी हळूच ढकललं, झोपले असतील तर झोप मोडायला नको. बैठकीच्या खोलीत हे टेबलाजवळ बसले होते. उजवं कोपर टेबलावर टेकलेलं. अंगात बटणं न लावलेला शर्ट. मावशी त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या, पदर कमरेला खोचून, पडले तर धरायला. आणि समोर दोन पावलांवर घाईबाई. पाठ माझ्याकडे. पाठीवर तिचे दोन्ही हात, बोटांत बोटं अडकवलेली.

यांचा उजवा हात चालत होता. आठ-नऊ महिने मी ज्याला मांडीवर ठेवत होते, उशीवर ठेवत होते, बाहीत घालत होते, तो हात. अंगठा आणि पहिलं बोट बटणाच्या कडेशी जात होतं, घसरत होतं, पुन्हा जात होतं. एकदा बटण जवळजवळ आत गेलं आणि निसटलं. हे म्हणाले, "च्यायला!"

स्वच्छ, एका दमात. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी त्यांना सोडायला लावलेला शब्द. नकाशावर रेघ चुकली की यायचा. आणि मग ते हसले. मावशी हसल्या. घाईबाईचे खांदे हलले, पण हात सुटले नाहीत. या घरात हसणं चाललं होतं आणि ते मी कामाला गेल्यावर चालत होतं.

माझा हात पुढे गेला होता. दारात उभी राहून, एवढ्या लांबून, माझा हात त्या बटणाकडे गेला होता. मी तो बघितला आणि खाली घेतला.

वरचं बटण त्यांनी सगळ्यात शेवटी लावलं. ते सगळ्यात अवघड, कारण दिसत नाही. म्हणून ते रोज लावलेलं असायचं.

मी आत गेले नाही. दार होतं तसं लोटलं आणि रस्त्यावर येऊन बसथांब्याच्या बाकावर बसले. बसगाड्या आल्या, गेल्या. मला राग आला होता. त्या पोरीचा, मावशींचा, यांचा. माझ्याच घरात मला परकं केलं म्हणून. हा राग खरा होता, पण तो फार वेळ टिकला नाही. त्याच्या खाली लाज होती आणि ती अजून आहे. पाच आणि वीस फेब्रुवारीची पानं आत्ता पुन्हा वाचली. विभागप्रमुखांना उगीच कोरडा पाषाण म्हटलं. तो तर मी रोज घरी घेऊन येत होते.

पण सगळ्यात वाईट संध्याकाळी झालं. मी नेहमीच्या वेळी घरी गेले. काही न दाखवता शर्ट काढायला बसले. हे हनुवटी वर करून बसले आणि उजवा हात त्यांनी मेल्यासारखा सोडून दिला. दुपारी तो जिवंत होता, मी पाहिला होता. माझ्यासाठी त्यांनी तो मारून दाखवला. मी बटणं काढली.

२१ मार्च

घाईबाईला सरावघरात बोलावलं. दार लावून घेतलं. ती पांढरी पडली, म्हणजे कळलं तिला.

"कधीपासून?"

"चावी आणायला आले होते ना, तेव्हापासून. सर एकटेच बटण लावायला बघत होते. मावशी आत होत्या. माझा हात गेला तर म्हणाले, 'नको.' मग मी हात मागे घेतले. पहिल्यांदाच राहिले, मॅडम. खूप वेळ लागला, म्हणून उशीर झाला. निघताना म्हणाले, 'उद्या... ये.'"

"फळी?"

"मीच नेली होती. चुकलं माझं."

"देखरेखीशिवाय, परवानगीशिवाय एका पेशंटवर उपचार केलेस. तुला इथून काढून टाकता येतं, माहीत आहे?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सर नको म्हणाले. आणि पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही, हे तुम्हीच..." ती थांबली. "मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, मॅडम. वर्गात."

विचारलं होतं खरं. मी म्हटलं होतं, मग तर सोपंच.

"ते का नको म्हणाले?"

मी वाट पाहिली. मग ती म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यांना, की मॅडमना दाखवा, किती आनंद होईल. तर म्हणाले, 'तिला... करू दे. तिला... बरं वाटतं.' मग म्हणाले, एकदा बाह्यांसकट पूर्ण शर्ट जमू दे, मग दाखवू. तुम्ही नोकरी सोडायच्या आत. त्यांना त्याचीच घाई होती."

मी त्या तीन पायऱ्यांतल्या पहिल्या पायरीवर बसले. त्यांच्या आजारपणात मी त्यांना सांभाळतेय असं मला वाटत होतं. ते स्वतःचा हात बाजूला ठेवून मला सांभाळत होते.

शिक्षिकेला रडताना विद्यार्थ्यांनी पाहू नये, असं मी मानते. म्हणून आवाज चढवला. "आणि पडले असते तर? तुझ्या हाताला धरून पडले असते तर कोण जबाबदार?"

"मावशी मागे असायच्या." मग तिनं मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली. "आणि मी हात नाही लावला, मॅडम. एकदाही नाही."

तीन खोल्यांच्या माझ्या घरात माझा नियम पाळणारी ती एकटीच होती.

शेवटी सांगितलं, की तिच्या आगाऊपणाबद्दल मी विभागप्रमुखांना कळवणार, लेखी समज मिळेल, आणि ती तिनं मुकाट घ्यायची. सोमवारपासून यांची पेशंट म्हणून रीतसर नोंद होईल. उपचार हीच करेल, देखरेख माझ्या सहकारी मॅडमची. माझी नाही. घरच्या माणसावर उपचार करता येत नाहीत, ते आता सिद्ध झालेलं आहे.

ती दाराशी गेली आणि वळली. "मॅडम, तुम्ही खरंच सोडताय?"

"जा, जेवण कर. किती दिवस धावत जेवतेस."

२३ मार्च

रविवार.

आंघोळ झाल्यावर निळा शर्ट आणला. बाह्या त्यांच्या अंगात घातल्या आणि ते हनुवटी वर करून बसले. मी खुर्ची टेबलाजवळ ओढली, त्यांचं कोपर टेकेल इतकी. मग दोन पावलं मागे सरकले, हात पाठीमागे नेले आणि बोटांत बोटं अडकवली.

हनुवटी हळूहळू खाली आली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खांद्यांकडे, माझे हात कुठे गेले ते बघायला.

"तुला..." ते म्हणाले. 'थंडी वाजतेय का' हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. "तुला... कळलं."

"हो."

उजवा हात मांडीवरून उठला.

पहिलं बटण. घसरलं. पुन्हा. शेजारी नळ सोडलेला होता, बादली भरल्याचा आवाज आला, मग नळ बंद झाला. बटण अजून बाहेरच. इतकी वर्षं मी हा नियम शिकवला. रंगारीकाकांसमोर, शेकडो परक्या माणसांसमोर मी अशी उभी राहिले आणि मला कधी काही झालं नाही. आपलं माणूस समोर असलं की पाठीमागचे हात असे ओढतात हे मला माहीतच नव्हतं. मी घाईबाईला म्हटलं होतं, हे क्षेत्र तुझं नाही. त्या पोरीची माफी मागायची राहिली आहे.

चार बटणं लागली. पाचव्याला कळलं की पहिल्यापासूनच एक घर चुकलं आहे. खाली काज उरलं, वर बटण. त्यांनी ते बघितलं.

"च्यायला."

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. डोळे पुसायला हात सोडावे लागले असते, म्हणून तशीच उभी राहिले.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू... नको..."

रडू नकोस. उभी राहू नकोस. काळजी करू नकोस. माझ्याकडे शब्द तयार होते, एकावर एक. मी ओठ घट्ट मिटले. त्यांची नजर छताकडे गेली, टेबलावर आली, शब्द तिथे कुठे सांडलाय का ते बघावं तशी. बराच वेळ गेला. मला वाटलं, आता सोडून देतील.

"नको... सोडूस," ते म्हणाले. आणि मग, श्वास घेऊन, "काम."

जानेवारीत हेच वाक्य त्यांनी सुरू केलं होतं. ते पूर्ण मी केलं होतं.

"नाही सोडत," मी म्हटलं. सही न केलेला अर्ज पर्समध्ये आहे, तो आता कुठेही जाणार नाही.

त्यांनी मान हलवली, या वेळी धड हो. मग मान खाली घालून चुकलेली बटणं एकेक करून काढली आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली. मी उभी राहिले.